एफ-वनची मराठी पानं

कीबोर्डच्या अगदी वरच्या ओळीत, डावीकडे, एफ-वन नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की मदत उघडते. मी ते पहिल्यांदा दाबलं ते रिटायर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी, आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, सभेची नोटीस टाइप करताना. मला फक्त पानाच्या खाली पानाचा नंबर हवा होता. समोर जे उघडलं ते अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. आता इंग्रजी मला येतं, तसा काही प्रश्न नव्हता. पण त्या प्रोग्रामचे बाकी सगळे मेनू मराठीत होते. वर मराठीत ‘मदत’ लिहायचं आणि मदत मागितली की इंग्रजी फाडायचं, हे मला अजिबात पटलं नाही.

मला राग लवकर येतो. बत्तीस वर्षं मी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर काढली. दिवसभर लोक कानात ओरडायचे आणि मी जमेल तितका वेळ गोड बोलायचे, मग मीही ओरडायचे. त्या टेबलावरून उठले तरी टेबल काही माझ्यातून उठलं नव्हतं. मी त्याच बैठकीत एक चांगली खरमरीत मेल लिहिली. हा प्रोग्राम म्हणजे पत्र, तक्ते वगैरे करायचा तो फुकट मिळणारा संच. जगभरातले हौशी लोक तो मिळून बनवतात आणि कोणीही तो घेऊ शकतो, बदलूही शकतो. त्यातलं मराठीचं काम पाहणारे पुण्याचे एक प्राध्यापक होते. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. आपली तक्रार रास्त आहे, मदतीची पानं मराठीत नाहीत कारण ती करायला कोणी नाही, आपण कराल का?

मी ते तीनदा वाचलं. बत्तीस वर्षांत एकदाही मला ही युक्ती सुचली नव्हती. तक्रार करणाऱ्यालाच म्हणायचं, घ्या पकड आणि चढा खांबावर! मला इतकं हसू आलं की आतल्या खोलीतून आमचे हे बाहेर आले.

“काहून वं, कोणाशी भांडून राहिली?”

“भांडत नाही, हारली,” मी म्हटलं. आणि त्या दिवसापासून कामाला लागले.

काम सोपं होतं असं वाटलं. वर एक इंग्रजी वाक्य, खाली रिकामी ओळ. त्या ओळीत मराठी लिहायचं. अशी हजारो वाक्यं. पण मी ज्या धंद्यातून आले होते तिथे समोरच्याचं यंत्र आपल्याला कधी दिसत नाही. तो कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, सगळं शब्दांवरून ओळखायचं, आणि एक पायरी सांगितली की थांबायचं. ‘रिसिव्हर उचला. झालं का? आता मागची वायर काढा. झालं का?’ माझ्या हातून मदतीच्या पानांतही तेच उतरलं. प्रत्येक पायरीच्या शेवटी मी ‘झालं का?’ लिहून ठेवलं. पुण्याच्या सरांनी ते सगळे काढून टाकले आणि अत्यंत सभ्य भाषेत कळवलं की मदतीचं पान वाचकाला प्रश्न विचारत नाही. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःचंच पान पुन्हा वाचलं तर एका पानात अकरा वेळा ‘झालं का’. कोणीही चिडलं असतं. सरांना कळवून टाकलं की तुमचंच बरोबर.

असं आठ-नऊ महिने चाललं. मग मे महिना संपत आला, आणि शेजारच्या वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात बावीस वर्षांपासून आया. पेशंटला उठवणं, बसवणं, पुसणं, बेडपॅन, चादरी, स्ट्रेचर ढकलणं, सगळं उभ्यानं. अंगानं लहानखुऱ्या, बोलायला खणखणीत. त्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा दोन पायऱ्या चढायला त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. मी पन्हं दिलं. त्यांनी एका दमात पिऊन ग्लास खाली ठेवला.

“ताई, माह्ये दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरनं सांगतलं, उभं राहायचं काम बंद. मॅनेजर साहेब म्हणते, वॉर्डात तुमचं होऊन नाही राहिलं. रेकॉर्ड रूममंदी एक खुर्ची खाली झाली, तिथं जमत असन तर बसा. नाही तर घरी.”

“मग बसा नं,” मी म्हटलं.

“कंप्युटर आहे तिथं. पेशंटचा रजिस्टर त्याच्यातच भरा लागते, याद्या काढा लागते. सोळा तारखेले साहेब पाहणार आहे जमते का नाही.”

सोळा तारखेला तीन आठवडे होते. वहिनींची दहावी झालेली होती, मराठी वाचन उत्तम, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. घरातल्या जुन्या कंप्युटरवर त्यांनी थोडंफार टाइपही केलेलं होतं. मी म्हटलं, तिथल्या क्लार्कला विचारून शिकून घ्या. त्यांनी रिकामा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाल्या, एकदा विचारलं होतं. दोघं क्लार्क आहेत, वाईट नाहीत, पण विचारल्याबरोबर एक जण हसला आणि दुसऱ्याला म्हणाला, बघ, आता मावशी कंप्युटर चालवणार. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. टेबलावर असताना मला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस ओरडतो तो बहुतेक वेळा लाजेनं ओरडतो. आपल्याला कळत नाही हे दुसऱ्याला कळलं याची लाज. जे ओरडत नाहीत ते फोनच ठेवून देतात आणि मुक्या डब्ब्यासोबत महिना काढतात. म्हणूनच एफ-वनसारखं बटण मला देवासारखं वाटायचं. विचारलं तरी ते कोणाला सांगत नाही. मी वहिनींना म्हटलं, तिथल्या मशीनवर कोणता प्रोग्राम आहे ते पाहून या. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठी घेऊन आल्या, तिथल्या कंप्युटरचं पाहणाऱ्या भाऊंनी लिहून दिलेली. नाव वाचलं आणि मी उडालेच. तोच संच. दवाखान्याची मशीनं जुनी, म्हणून भाऊंनी सगळीकडे फुकटचेच प्रोग्राम टाकलेले. रेकॉर्ड रूमला इंटरनेट नाही, पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. म्हणजे मदत हवी तर ती मशीनच्या आतच बसवलेली हवी. चिठ्ठीवर प्रोग्रामची आवृत्तीसुद्धा लिहिलेली होती, कारण ती विचारून आणायला मी आठवणीनं सांगितलं होतं. मदत नि प्रोग्राम एकाच आवृत्तीचे नसले तर जुळत नाहीत. एवढं आठवल्याबद्दल मी स्वतःवर फार खूश होते.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. वहिनींची ड्यूटी दुपारी दोनला सुटायची, अडीच-तीनला त्या यायच्या. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. कूलरसमोर आधी लॅपटॉप, मग वहिनी, उरलेला वारा मला आणि ह्यांना.

शिकवायची पद्धत माझी होती, नि ती बदलायची मला काही गरज वाटली नाही. मी शेजारी बसायचेच नाही. वहिनींच्या हातात मदतीचं छापलेलं पान द्यायचं, लॅपटॉपवर मनानं रचलेल्या पेशंटांचा एक तक्ता उघडून ठेवायचा आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून बसायचं. त्यांनी पान मोठ्यानं वाचायचं, तसं करायचं, अडलं की ओरडायचं. मी पाहणार नाही. मी पाहिलं की माझा हात जातो, आणि हात गेला की पान चुकलेलं असूनही चालून जातं.

“ताई, इथं लिहिलं का ‘माहिती’वर जा. गेली. आता ‘क्रम लावा’ म्हणते. लावला. बापा, सगळं वरखाली झालं!”

“वरखाली झालं म्हणजे काय झालं?”

“नावं एका जागी, गावं दुसऱ्याच्या जागी. रामटेकच्या बुढ्याले उमरेडची बायको भेटली.”

ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि पोट धरून हसले. मी मात्र वही काढली. पानात एक पायरी कमी होती. फक्त एक रकाना निवडून क्रम लावला तर बाकीचे रकाने जागचे हलत नाहीत. आधी सगळा तक्ता निवडा, हे मी लिहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर ते पान मी कंटाळून घाईत उरकलं होतं. वहिनी रोज अशा दोन-तीन ठिकाणी अडायच्या, आणि प्रत्येक वेळी चूक पानाची निघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्या आवाजातला फरक मला स्वयंपाकघरात ऐकू यायला लागला. आधी त्या म्हणायच्या, ‘माह्यं चुकलं.’ आता म्हणायला लागल्या, ‘तुमचं चुकलं.’ मला इतका आनंद झाला की काय सांगू.

क्रम लावायचं आणि गाळायचं, म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी वेगळ्या काढायचं, ही दोन पानं मात्र त्यांनी माझ्याकडून चार वेळा लिहून घेतली. मी म्हटलं, वहिनी, तुम्हाले याद्या तारखेनं काढा लागतीन, याच्यात काय एवढं? त्यावर त्यांनी मला दवाखाना समजावून सांगितला. बाहेरगावाहून नातेवाईक येतात, अर्ध्यांजवळ पावती नसते, पेशंटचा नंबर तर कोणालाच पाठ नसतो. खिडकीशी येऊन म्हणतात, आमचा माणूस आहे, उमरेडचा. क्लार्क विचारतो नंबर काय. ते म्हणतात, उमरेडचा. अशी अर्धा-अर्धा तास हुज्जत चालते, आणि शेवटी कोणीतरी वॉर्डातल्या मावशीला हाक मारतं. वॉर्डात नंबर चालतच नाहीत, तिथं पेशंट गावावरूनच ओळखले जातात.

“रजिस्टरमंदी गावाचा रकाना आहे, ताई. कोणी पाहतच नाही त्याले.”

आता पानं तयार झाली. पण मदत लिहिणं वेगळं, बनवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. लिहिलेली पानं म्हणजे नुसत्या फायली. त्यांच्यापासून प्रोग्रामला कळतील अशी पानं बनवायची, त्यांचं एक गाठोडं बांधायचं आणि ते मशीनवर प्रोग्राम जिथे मदत शोधतो त्या जागी बसवायचं. एरवी हे पुण्यातच व्हायचं. पण सोळा तारीख कोणासाठी थांबणार होती? सरांनी मेलमध्ये कृती लिहून पाठवली, ओळीनं, अगदी नेमकी. मी ती कागदावर उतरवून काढली आणि एका सकाळी नाश्ता झाल्यावर बसले.

पहिली आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरांच्या रांगा धो धो वाहायला लागल्या. काही कळत नव्हतं, पण पाहायला फार मजा येत होती. ह्यांनाही बोलावलं. वीस मिनिटांनी रांगा थांबल्या. शेवटची ओळ सांगत होती की काम फसलं आहे. का फसलं ते तिच्यात नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा फसलं. लॅपटॉप इतका तापला की त्याच्याखाली स्टीलची परात उपडी ठेवावी लागली.

सरांना मेल केली; ते प्रवासात होते. मग मी विचार केला, अगं, तू फॉल्ट शोधणाऱ्यांमध्ये आयुष्य काढलं आहेस. टेलिफोनची लाइन ऑफिसातून निघते, चौकातल्या लोखंडी पेटीत जाते, तिथून गल्लीतल्या खांबावर आणि खांबावरून घरात. फॉल्ट कुठे आहे कळत नसेल तर आमचे लाइनमन सरळ मधल्या पेटीवर जायचे. तिथपर्यंत लाइन ठीक? मग पुढचा अर्धा भाग पाहा. पुन्हा त्याच्या मधोमध जा. मी तेच केलं. अर्धी पानं बाजूला काढली आणि बाकीची बनवली. बनली. म्हणजे बिघाड बाजूच्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग. असं करत करत दुपारपर्यंत एका पानावर आले. ते पान होतं क्रम लावण्याचं! इंग्रजी वाक्यांच्या मधेमधे टोकदार कंसांत काही खुणा असतात. कुठला शब्द ठळक दिसावा, कुठून दुसऱ्या पानावर जाता यावं, हे त्या सांगतात, आणि उघडलेली प्रत्येक खूण बंद करावी लागते. चौथ्यांदा पान सुधारताना मी त्यातली एक बंद करायची खूण कचरा समजून पुसली होती. घर आवरताना कामाचं बिल फेकून द्यावं तशी. ती परत लावली, सगळी पानं एकत्र केली, आज्ञा दिली आणि देवाचं नाव घेऊन पोळ्या करायला गेले.

परत आले तर पडद्यावर गाठोड्याचं नाव होतं. ‘झालं, झालं!’ असं मी इतक्या मोठ्यानं ओरडले की भिंतीपलीकडून वहिनींच्या सासूबाईंनी विचारलं, नातू झाला का. माझ्या मशीनवर ते बसवलं. एफ-वन दाबलं. मराठी पान उघडलं, स्वच्छ, काळं कुळकुळीत, माझं आणि वहिनींचं. मी अर्धा तास नुसतं बटण दाबत बसले होते. कोणीतरी नवीन बेल लावल्यावर मुलं वाजवत बसतात ना, तशी. हे दोनदा येऊन म्हणाले, पोळ्या जळून राहिल्या.

तेरा तारखेला, शनिवारी, मी नि वहिनी पेनड्राइव्ह घेऊन दवाखान्यात गेलो. मॅनेजर साहेबांची परवानगी वहिनींनी आधीच काढली होती. रेकॉर्ड रूम म्हणजे फायलींनी गच्च भरलेली अरुंद खोली, एका बाजूला नातेवाइकांसाठी खिडकी, दोन कंप्युटर. कंप्युटरचे भाऊ होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला, गाठोडं बसवलं, दोन मिनिटांत झालं. प्रोग्राम उघडला. मी ऐटीत वहिनींना म्हटलं, दाबा.

वहिनींनी एफ-वन दाबलं आणि इंग्रजी पान उघडलं.

मी पुन्हा दाबलं. इंग्रजी. मग माझं लक्ष वर गेलं. सगळे मेनू इंग्रजीत होते. फाइलपासून शेवटपर्यंत एकही अक्षर मराठी नाही. मदतीची भाषा मेनूच्या भाषेमागून जाते. मेनू इंग्रजी तर मदत इंग्रजी. आणि नुसती पानं उघडली असती तरी काय उपयोग? पान म्हणणार ‘माहिती’वर जा, आणि समोर ‘माहिती’ नावाचं काही नाहीच. माझ्या घरी सगळं मराठीत, म्हणून मी ते गृहीत धरलं. आवृत्ती विचारली, इंटरनेट विचारलं, पण पडद्यावर काय लिहिलेलं दिसतं ही तक्रारीच्या टेबलावरची पहिली ओळ विचारलीच नाही.

“वहिनी, तुम्ही तर ही स्क्रीन रोज पाहत होत्या. सांगतलं काहून नाही?”

“मी दुरून पाहो, ताई. फाइल ठेवायले येऊ तेव्हा. मले वाटलं ते लोक इंग्रजी शिकले आहे म्हणून त्याईले इंग्रजी दिसते. मी बसली का मराठी होते.”

यावर मला रडावं की हसावं कळेना. एक क्लार्क म्हणाला, मराठी केलं तर आम्हाले काही सापडणार नाही, आमची मशीन बिघडवू नका. त्याचंही चूक नव्हतं. मी भाऊंकडे पाहिलं. ते हनुवटी खाजवत उभे होते. मग म्हणाले, “यांचं बरोबर आहे.”

“कोणाचं?”

“या म्हणते ते. या बसल्या का मराठी होऊ शकते. यांच्या नावानं वेगळं खातं उघडून देतो. यांनी आपला पासवर्ड टाकला का मराठी, या लोकांनी टाकला का इंग्रजी. मशीन तीच.”

ते कामाला लागले. मराठी मेनूंचं गाठोडं त्यांच्या जुन्या डिस्कवर निघालं. मग नवीन खात्याचा चौकोन आला आणि त्यांनी वर न पाहता विचारलं, “नाव काय यांचं?”

क्लार्क म्हणाला, “मावशी.”

“ते नाही. नाव.”

क्लार्कनं दुसऱ्याकडे पाहिलं. दोघांनाही माहीत नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पंधरा वर्षं आमची भिंत एक. माझ्या आजारपणात महिनाभर त्यांच्या हातची भाकर खाल्ली होती. आणि मी त्यांना वहिनी म्हणत आले, त्यापलीकडे कधी विचारलंच नाही. मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. वहिनींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पदर नीट केला आणि शाळेत हजेरीला उभं राहून सांगावं तसं खणखणीत आवाजात आपलं नाव सांगितलं, स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. भाऊंनी ते तसंच्या तसं मराठीत टाइप केलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण वहिनींनी नको म्हटलं आहे; पण नाव फार सुंदर आहे, आणि आता मी त्यांना त्याच नावानं हाक मारते.

पासवर्ड टाकला. आधी पडद्यावर त्यांचं नाव आलं, मग प्रोग्राम उघडला. फाइल, संपादन, दृश्य, माहिती, सगळं मराठीत. एफ-वन दाबलं, आमचं पान.

“पाहा,” वहिनी क्लार्कना म्हणाल्या, “मी बसली का मराठी होते.” भाऊंना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

सोळा तारखेला मला दिवसभर काही सुचलं नाही. पेपरचं एकच पान चार वेळा वाचलं. हे म्हणाले, परीक्षा तुझी आहे का त्यांची? मी म्हटलं, दोघींची. तीन वाजले, चार वाजले. साडेचारला फाटक वाजलं. वहिनी आल्या त्या तर्री-पोह्यांची पुडी घेऊनच, आणि बसायच्या आधीच सांगायला लागल्या.

साहेब मागं उभे राहिले होते. म्हणाले, मागच्या महिन्याची यादी तारखेप्रमाणे काढा. काढली. सुट्टी होऊन घरी गेलेले पेशंट वेगळे करा. इथे वहिनी अडल्या. हात थांबला. खोलीत सगळे पाहत होते. त्यांनी सरळ एफ-वन दाबलं आणि ओठ हलवत पान वाचायला लागल्या. तोच क्लार्क म्हणाला, “मावशी, पुस्तक पाहून पेपर लिहून राहिल्या का?”

“मी म्हटलं, भाऊ, तुम्हाले विचारलं होतं तर तुम्ही हसले. हे हसत नाही.”

मी हातातली बशी खाली ठेवली. “मग?”

मग काय, पान वाचून झालं, यादी वेगळी झाली, छापून निघाली. साहेब कागद पाहत होते, तेवढ्यात खिडकीशी दोन बाया आल्या. त्यांच्या भावाला काल आणलं, पावती धाकट्या भावाजवळ, तो बाहेर गेलेला. क्लार्क सवयीनं म्हणाला, नंबर? वहिनींनी विचारलं, गाव? त्या म्हणाल्या, रामटेक. वहिनींनी गावाचा रकाना धरला, रामटेकचे तेवढे गाळून काढले. तीन नावं आली. वय विचारलं, एक उरलं.

“दुसरा मजला, डाव्या हाताले, असं सांगतलं. खिडकीजवळचा पलंग आहे, हेही सांगतलं. ते कंप्युटरमंदी नव्हतं, ते मले माहीत होतं.”

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, एक तारखेपासून इथेच बसा. आणि या दोघांनाही ते गावाचं शिकवा.

मी वहिनींना मिठी मारली. हे उगाचच खोकत आत गेले. पोहे गार झाले होते, तरी आम्ही सगळे खाल्ले. मग मी विचारलं, खुर्ची कशी आहे? त्या हसायला लागल्या. खुर्ची आधीच्या क्लार्कची, तो चांगला सहा फुटी. परीक्षेच्या धास्तीत त्यांचं लक्षच नव्हतं. साहेब गेल्यावर त्या मागे टेकून बसल्या तर पाय जमिनीला पोचेनात. नुसते हवेत. कंप्युटरचे भाऊ तिथेच होते, त्यांनी पाहिलं आणि खुर्ची खाली करायला वाकले, बाजूला दांडी असते ती ओढायला.

“मी म्हटलं, भाऊ, राहू द्या. पाय बावीस वर्षं टेकूनच होते. थोडा वेळ लोंबू द्या.”